टॉवरला गच्ची, माझ्या तारेला कात्री

आज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर पायपुसण्यावर माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी सेटच्या, अँटेनाचं भेंडोळं. सोडून आणलेलं नाही, कापलेलं! दोन्ही टोकांना साध्या नायलॉनच्या दोरीच्या गाठी होत्या, लहान पोरानेही सोडवल्या असत्या. पण नाही. पकड आणली आणि कचाकच. मधला बलून (अँटेनाची तार आणि सेटची केबल जोडणारं वेटोळं) बोटं सोलवटून फेराइटच्या रिंगवर गुंडाळला होता, त्याचेही पाय तोडले. वर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो: "धाबा पर गेरकायदेसर वायर मळ्यो छे." म्हणजे गच्चीवर बेकायदा वायर सापडली. खाली अंगठ्यांची रांग. मळ्यो म्हणे! जणू रस्त्यात पडलेलं पाकीट.

बडोद्यात अख्खा जन्म गेला, पण गच्ची नेमकी कुणाची हे मला अजून कळलेलं नाही. माझी तार म्हणजे मोटार वाइंडिंगची, खालून दिसतसुद्धा नाही. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत, वीस मीटर. अर्जात मी बापडा 'चाळीस मीटर बँड' असं लिहून बसलो (ती रेडिओलहरीची लांबी, तारेची नव्हे), तर खजिनदार गच्ची मोजायला टेप घेऊन आले. सेट पाच वॅटचा. जिन्यातला एलईडी बल्ब नऊ वॅटचा आहे! आणि चेअरमनसाहेब म्हणतात, "भाई, रेडिएशन आवे छे, उपरवाळां बाने माथुं दुखे छे." अहो, त्या बांचं डोकं मी गावाला जातो तेव्हाही दुखतं.

त्याच गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. त्याचं भाडं दर महिन्याला सोसायटीच्या खात्यात पडतं, म्हणून त्याचं रेडिएशन शाकाहारी.

आणि उत्तरायण! १४ आणि १५ जानेवारीला अख्खी बिल्डिंग वर, स्पीकर, उंधियु, जिलेबी, "काप्यो छे"च्या आरोळ्या. माझं काही म्हणणं नाही, उंधियु मीही खातो. पण तो मांजा होळीपर्यंत डिशच्या तारांवर लोंबत असतो, पक्षी कापतो, माणसांचे गळे कापतो, त्याला कुणी गेरकायदेसर म्हणत नाही. माझ्या तारेबद्दल मात्र सभेत प्रश्न आला, "कुणाच्या गळ्यात अडकली तर?"

या वयात ओहमचा नियम घोकला, क्यू-कोड (संदेशांची तीन अक्षरी लघुरूपं) पाठ केले, सरकारी परीक्षा दिली, परवान्याची वाट बघून डोळे पांढरे झाले. कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं सरकारी नाव, आला त्या दिवशी पेढे वाटले होते. खजिनदारांनी दोन उचलले. २००१ च्या भूकंपात कच्छमधले फोन आडवे झाले तेव्हा हॅमवाल्यांनीच निरोप पोचवले, हेही सभेत सांगून पाहिलं. उत्तर आलं, "हवे तो व्हॉट्सॲप छे ने." कपाळ!

आणि ते 'घरातच लावा की अँटेना' म्हणणारे शहाणे तर मला डोळ्यांसमोर नकोत. लावली ना! एसीवाल्याकडून तांब्याची नळी आणली, बेडरूममध्ये मॅग्नेटिक लूप, म्हणजे कड्यासारखी गोल अँटेना, उभा केला. सूर्य उगवला की शेजारचा सोलर इन्व्हर्टर सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे माझ्याच चाळीस मीटर बँडवर, खरखर सुरू करतो. सूर्य मावळला की तो गप्प होतो, मग घरोघरचे एलईडी आणि चार्जर सुरू होतात. त्यातून थोडी फट मिळालीच, तर लिफ्ट सुटते. फ्रीक्वेन्सी जरा सरकवली की कपॅसिटर पुन्हा फिरवा. बायको कूस बदलते तेव्हाही एसडब्ल्यूआर (सेट आणि अँटेनाचं किती जुळतंय त्याचा आकडा) हलतो, आणि हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही. तिने त्या कड्यावर टॉवेल वाळत टाकला, मी ओरडलो, तर म्हणाली, "निदान काहीतरी उपयोग होऊ दे त्याचा."

खरं सांगायचं तर दृश्य काही फार भारदस्त नाही. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, गंजीफ्रॉकवर, पलंगाच्या कडेला बसून भिंतीकडे तोंड करून दबक्या आवाजात "सीक्यू, सीक्यू" (कुणी ऐकतंय का, अशी हॅमवाल्यांची हाक) पुटपुटतोय. मोलकरीण समजते, मी जप करतो. परवा तिने जाताना नमस्कारसुद्धा केला.

पण टॉवेलवरून एक गोष्ट सुचली. उद्या नवा अर्ज देतोय. विषय: गच्चीवर धुणं वाळत घालण्यासाठी तार बांधण्याची परवानगी. लांबी वीस मीटर, आमच्याकडे चादरी फार आहेत. तारेच्या मधोमध एक प्लॅस्टिकची डबी असेल, ती चिमट्यांची.