“पुढची तारीख कधीची पडली?”

आज सकाळी चौकात ‘दंड दुप्पट’ असा नवा फलक दिसला आणि त्याच फलकाखालून एका मोटारचालकाने लाल दिवा असताना गाडी पुढे काढली. त्याआधी त्याने मान वळवून दोन्ही बाजूंना पाहिले, पण कोणी रस्ता ओलांडत आहे का यासाठी नव्हे, तर पोलीस उभा आहे का यासाठी. रस्त्यात पाऊल टाकलेल्या एक वृद्ध बाई दचकून मागे सरल्या. तेव्हापासून संताप आवरत नाही.

मला आईचा खटला आठवला. तिची पर्स हिसकावणाऱ्याला लोकांनी जागीच पकडले होते, तरी आम्ही सहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. चौथ्या वर्षी त्या आरोपीने व्हरांड्यात मलाच विचारले, “पुढची तारीख कधीची पडली हो?” त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता आणि भीती तर मुळीच नव्हती, बसची वेळ विचारावी तसे त्याने विचारले.

प्रत्येक गुन्ह्यानंतर “शिक्षा वाढवा” म्हणणाऱ्यांची मला आता चीड येते. त्या माणसाने कलमातली वर्षे मोजली नव्हती. पकडले गेल्यावरही पुढे काही होईलच असे नसते, एवढेच तो अनुभवातून शिकला होता. अटळ असलेली सौम्य शिक्षा ही सुटकेची आशा ठेवणाऱ्या भयंकर शिक्षेपेक्षा अधिक धाक निर्माण करते, हे इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ सालीच सांगितले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. घरातून चाळीस शिलिंगांची चोरी झाली तरी फास ठरलेला, म्हणून ज्यूरीतील माणसेच दया येऊन मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवू लागली. शिक्षा इतकी कठोर केली की ती देणाऱ्यांचाच हात अडखळला, आणि चोराला मिळाली ती सुटण्याची आशा.

याच्या उलट, ७ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅनडातील माँट्रियल शहराचे पोलीस संपावर गेले. कायद्याचे एक अक्षरही बदलले नव्हते, तरी काही तासांत बँका लुटल्या गेल्या आणि दुकाने फुटली.

अनिश्चितता पोलिसांच्याही उपयोगी पडते, हे मान्य करावे लागेल. तपासणी कुठे आणि केव्हा होईल हे ठाऊक नसले की माणूस जपून वागतो. मात्र पोलीस नेमका कुठे भेटेल हे न कळणे वेगळे आणि भेटला तरी काही होईल की नाही हे न कळणे वेगळे. पहिल्याने गुन्हेगार बिचकतो, दुसऱ्याने तो निर्ढावतो. निर्दोष माणूस अडकू नये म्हणून न्यायाला वेळ लागतो, हेही खरेच. पण आमच्या सहा वर्षांतला बहुतेक वेळ कोणाची निर्दोषता तपासण्यात गेला नाही. तो कधी गैरहजर वकिलाची, तर कधी न बजावलेल्या समन्सची वाट पाहण्यात गेला.

शेवटी मुख्य साक्षीदार गाव सोडून गेला आणि आरोपी सुटला. त्याला जन्मठेप व्हावी असे आईला कधीच वाटले नव्हते. “सहा महिने आत राहिला असता तरी चालले असते, पण त्याच वर्षी,” असे ती त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर बसून म्हणाली. आता बाहेर पडताना ती पर्सचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळते, आणि पुलावरून एकटी जाणे तिने कधीचेच सोडले आहे.