पिकअपमधला वारा आणि काकांचा आक्षेप

नमस्कार काका,

(सही 'एक जुना चालक' एवढीच केलीत, पण तीस वर्षं दहा चाकी हाकली असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. अर्ध्यावर थांबलो, कारण तुमच्या एका मुद्द्याला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. ते शोधण्यात दोन रविवार गेले. उशिराचं कारण एवढंच.

मागचा लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या डबल कॅब (मागेही सीट असलेल्या) पिकअपमध्ये ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे ड्रायव्हरच्या कानाशी शीळ वाजायची. चिकटपट्टी लावून ती मी शोधली. उजव्या आरशाच्या बुडाशी जो त्रिकोणी प्लास्टिकचा तुकडा असतो तो सैल होता. आत फोमची पट्टी घालून बसवला आणि 'दोन डेसिबल (आवाज मोजायचं एकक) कमी झाले' असं मोबाईलवरचं मोजमाप टाकून लेख संपवला. त्यावर काकांचं म्हणणं असं: पिकअप ही माल वाहायची गाडी, तिच्यात वारा ऐकू येणारच. टेप चिकटवत बसण्यापेक्षा दरवाजांना डॅम्पिंग (पत्र्याची थरथर मारणारी जाड शीट) मारून घ्यायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, 'शीळ टेपने गेली की त्या दिवशी वारा पडला होता म्हणून गेली, हे तुम्हाला कसं कळलं? मोबाईलचे आकडे दाखवून आम्हाला शिकवू नका.'

हा शेवटचा वार वर्मी बसला. तिथूनच सुरुवात करतो.

माझी वही काढून बघितली. पहिली फेरी एका रविवारी, दुसरी पुढच्या रविवारी. दोन्ही वेळा साताऱ्याहून कऱ्हाडकडे, काटा नव्वदवर. वाऱ्याबद्दल वहीत अक्षरही नाही. आणि महिना जुलैचा! चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्या दिवसांत गरगरत असतात त्या दिवसांत मी वारा न बघता वाऱ्याचा आवाज मोजत होतो.

तुम्ही बोललात त्याचा हिशेबही करून पाहिला. वाऱ्याच्या खळबळीतून होणारा आवाज साधारण वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट, पण आवाजाची शक्ती जवळजवळ चौपट, सुमारे ६ डेसिबल. याच हिशेबाने ९० ऐवजी ९७ ने गेलो तरी दोन डेसिबल वाढतात. आणि गाडीला लागतो तो वेग काट्यावरचा नसतो, समोरून येणाऱ्या हवेचा असतो. पाठीमागून ताशी दहा किलोमीटरचा वारा असेल तर काटा नव्वद दाखवतो, पण गाडीला लागते ऐंशीचीच हवा. तीन डेसिबल तिथेच गेले. माझ्या 'दोन डेसिबल'ची किंमत किती ती यावरून कळते. तो आकडा मागे घेतो. मूळ लेखातही तशी दुरुस्ती टाकली आहे.

आता नव्याने काय केलं ते.

भाच्याला बरोबर घेतलं. त्रिकोणातली फोमची पट्टी काढली, तुकडा होता तसा सैल बसवला. नागठाण्यापासून उंब्रजपर्यंतचा पट्टा धरला. सहापदरीच्या कामाने रस्ता जागोजागी वळवलाय, सलग नव्वद ठेवता येईल असे तुकडे थोडेच मिळतात, पण मिळतात. सकाळी साडेसहाला निघालो. पेट्रोल पंपावरचे झेंडे पूर्वेकडे फडकत होते, म्हणजे वारा पश्चिमेचा. टेपशिवाय गेलो, शीळ आली. गाडी बाजूला घेऊन त्रिकोणाच्या कडेने टेप लावली, शीळ गेली. पुढे जाऊन टेप काढली, परत आली. पुन्हा लावली, गेली. हे सगळं अर्ध्या तासात, एकाच दिशेला जाताना, आणि झेंडे तिकडेच. तेव्हा काका, शीळ त्रिकोणाचीच होती, वारा पडल्याने ती गेली नव्हती. हे 'लाव-काढ-लाव' मी पहिल्याच खेपेला करायला हवं होतं.

पण खरी गंमत परत येताना झाली.

कऱ्हाडकडे जाताना पश्चिमेचा वारा माझ्या, म्हणजे उजव्या बाजूने येतो. साताऱ्याकडे येताना तोच डावीकडून. टेप जागेवर होती, शीळ नव्हती, तरी माझ्याच कानाशी एक जाडसर 'सूंऽऽ' सुरू झाला, दूर कुठे स्टोव्ह पेटवल्यासारखा. वारा डावीकडून येतोय आणि आवाज उजवीकडे. भाचा म्हणाला, मामा, उलटं कसं काय?

उलटं नाही. वाऱ्याच्या आडोशाची बाजू बऱ्याचदा जास्त बोलते. पुढच्या काचेच्या खांबाला वळसा घालताना हवा गाडीच्या अंगापासून सुटते, तिथे भोवरा तयार होतो आणि बाहेरचा दाब आतल्यापेक्षा कमी होतो. खासगी बसच्या खिडकीतला पडदा बाहेर जाऊन फडफडतो तो याच ओढीने. तिरक्या वाऱ्यात आडोशाच्या बाजूला हा भोवरा आणखी मोठा होतो. नव्वद-शंभरच्या वेगाला हवेचा जोर दर चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलोच्या घरात जातो. दरवाजाची काच आणि वरची चौकट मिळून पाव ते अर्धा चौरस मीटर धरली, तरी दहा-वीस किलोने कोणीतरी दरवाजाचं डोकं बाहेर ओढतंय असं समजा. उभ्या गाडीत दरवाजा घट्ट, धावत्या गाडीत वरच्या कोपऱ्यात केसभर फट.

घरी आल्यावर विजेच्या जुन्या बिलाच्या पट्ट्या कापल्या. दरवाजाच्या बीडिंगवर (कडेच्या रबरी गोटावर) पट्टी ठेवायची, दरवाजा लावायचा, पट्टी ओढायची. कुरकुरत, अडत आली पाहिजे. पुढच्या बाजूला अडत होती, खाली तर फाटली. वरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र लोण्यातून सुरी यावी तशी बाहेर आली. बीडिंग तिथे चेपून चपटं झालेलं. सात वर्षं उन्हात उभी असलेली गाडी, रबर बसणारच.

उपाय फुकटात झाला. खांबावर लॉकचा जो कडीसारखा स्ट्रायकर असतो, त्याच्याभोवती आधी मार्करने रेघ मारून घ्यायची (ही रेघ विसरलात तर मूळ जागा परत सापडत नाही, अनुभवाचे बोल), स्टार बिटने दोन्ही स्क्रू थोडे सैल करायचे आणि स्ट्रायकर एक मिलिमीटर आत सरकवायचा. एकच. मी हौसेने तीन सरकवला तर दरवाजा खांदा लावून बंद करावा लागला आणि आईने गाडीत बसायलाच नकार दिला. शेवटी दीड मिलिमीटरवर थांबलो, चपट्या कोपऱ्यातलं बीडिंग बदललं. पुढच्या रविवारी पुन्हा पश्चिमेचाच वारा मिळाला. 'सूं' पूर्ण गेला असं म्हणत नाही, पण नव्वदला आता टायरचा आवाज त्याच्या वर ऐकू येतो.

म्हणजे तुम्ही आक्षेप घेतला नसता तर दुसरा दोष मला कधी सापडला नसता. याचं श्रेय तुमचंच.

आता डॅम्पिंग. इथे मात्र माझं मत ठाम आहे. दरवाजाच्या पत्र्याला आतून चिकटवतात ती जाड काळी शीट पत्रा जड करते, त्याची थरथर मारते. खडी उडण्याचा आवाज, स्पीकर लावल्यावर होणारी खडखड, यासाठी ती उत्तमच. पण फटीतून येणारा आवाज पत्र्यातून येतच नाही. साधा हिशेब बघा: एखाद्या भिंतीच्या क्षेत्रफळात एक टक्का भोक असेल, तर उरलेली भिंत किल्ल्याची असली तरी ती २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. गळक्या माठाला बाहेरून गेरू फासण्यातला प्रकार. वर माझ्या बाबतीत हा त्रिकोण सैल झाला कसा? दोन वर्षांपूर्वी एकाकडून स्पीकर बसवून घेतले होते, त्याने दरवाजाचं आतलं कव्हर काढताना तो उपसला आणि क्लिप तोडून नुसता टेकवून दिला. डॅम्पिंगसाठी तेच कव्हर आणखी एकदा निघालं असतं.

फट शोधायची तुमच्या काळची एक युक्ती तुम्हाला आठवतही असेल. इंजिन चालू, ब्लोअर फुल, बाहेरची हवा आत घेणारं बटण उघडं, सगळ्या काचा बंद. आत दाब तयार होतो. बाहेरून दाढीच्या ब्रशने साबणाचं पाणी फटींवर फिरवायचं. माझ्या त्रिकोणाच्या खालच्या कडेला बुडबुड्यांची माळ उभी राहिली होती, भाच्याने फोटो काढला तो मूळ लेखात आहे. फक्त एक लक्षात ठेवा, केबिनची हवा बाहेर जायला कंपनीनेच मागच्या बाजूला रबरी झडपा दिलेल्या असतात. तिथे बुडबुडे येणारच. एका वाचकाने त्या फोमने बुजवायचा सल्ला दिला होता. तसं करू नका. पावसात काचा धूसर होतील आणि दरवाजे आपटल्याशिवाय लागणार नाहीत.

टेपबद्दल तुम्ही थट्टा केलीत ती मान्य. आमच्या सौ.नेही 'गाडीला पट्ट्या बांधल्यास, ताप उतरला का?' असं विचारलं होतं. पण रंगकाम करणाऱ्यांची कागदी मास्किंग टेपच घ्या, खोक्यांची तपकिरी नको. तिचा गोंद रंगावर राहतो आणि कड सुटली की ती स्वतःच फडफडून नवा आवाज काढते. आधी सगळ्या फटी एकदम झाकायच्या: पुढच्या काचेची कड, आरसे, काचांवरचे व्हायझर, दरवाजांच्या सांध्या. आवाज गेला तर दोषी त्यांच्यापैकीच. मग एकेक काढत जायचं. उलट, म्हणजे एकेक लावत गेलात तर दोन दोष असलेल्या गाडीत काहीच हाती लागत नाही, कारण एक झाकला तरी दुसरा वाजत राहतो. दरवाजे मात्र सगळे एकदम चिकटवू नका, एक तरी मोकळा ठेवा. आणि कान लावण्याचं काम शेजारच्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. भाच्याने गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणली होती, एक टोक कानाला, दुसरं काचेच्या कडेने फिरवत. जागा दोन बोटांच्या अंतरापर्यंत सापडते.

मोबाईलचा आकडा सोडला, पण मोबाईल पूर्ण सोडला नाही. आवाज किती यापेक्षा कोणत्या पट्टीतला आहे हे तो बऱ्यापैकी सांगतो, आणि त्यावरून जात ओळखता येते. वेगाबरोबर स्वर चढत गेला तर हवा कुठल्यातरी काठीवरून सुटतेय: अँटेना, कॅरिअरचा दांडा. चेक शास्त्रज्ञ स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये तारांवरून वाहणाऱ्या हवेचा हा नियम मांडला. ताशी ९० ला पाच मिलिमीटर जाडीची अँटेना साधारण १००० हर्ट्झला (सेकंदाला तितकी कंपनं) गाते. म्हणून तर अँटेनावर मळसूत्रासारखी तार गुंडाळलेली असते, भोवरे एका सुरात सुटू नयेत म्हणून. उंच पोलादी चिमण्यांच्या वरच्या टोकाला अशीच पट्टी दिसते, तिथे प्रश्न आवाजाचा नसतो, चिमणी डोलण्याचा असतो.

राहिलं 'माल वाहायची गाडी'. ते खरंच आहे, हौद्यात माझ्याही आठवड्याला खताची पोती असतात. पण मागच्या सीटवर दर गुरुवारी आई असते, कऱ्हाडला फिजिओथेरपीला. कानात मशीन आहे. मशीन वाराही मोठा करून देतं. ती मागून काहीतरी विचारते, मी 'काय?' म्हणतो, ती 'काही नाही' म्हणते, आणि उंब्रजपासून घरापर्यंत दोघं गप्प. मी टेप घेऊन बसलो तो यासाठी.

जाता जाता तुम्ही लिहिलंत की पुतण्याच्या पिकअपमध्ये ताशी साठला 'हूं' सुरू होतो आणि वेग वाढवला तरी सूर तोच राहतो. सूर हलत नाही म्हणजे काठी नव्हे, पोकळी. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखं. हौद्याच्या कडेने ताडपत्री बांधायचे जे पोकळ पाइप असतात त्यांची टोकं बघायला सांगा, प्लास्टिकची बुचं पडलेली असतील. दोन्ही टोकांना उघडा एक मीटरचा पाइप १७० हर्ट्झच्या आसपास वाजतो, म्हणजे घुमतो तसाच जाड आवाज. आधी नुसता कागदी टेपचा तुकडा टोकांवर लावून फेरी मारायला सांगा, मग काढून, मग पुन्हा लावून. आणि वारा कुठून होता ते लिहून ठेवायला सांगा.