खासगी गाइड, सरकारमान्य रजई

जयपूर बघायला एक दिवस भरपूर झाला. ज्यांना तो कमी पडतो त्यांना जयपूर बघायचं असतं. आपल्याला 'जयपूर झालं' म्हणायचं असतं. सकाळी नऊला हॉटेलच्या दारात गाडी, संध्याकाळी सहाला परत. मधल्या वेळात एक किल्ला, एक राजवाडा, एक वेधशाळा, पाण्यातला एक महाल (रस्त्यावरून), शिवाय चादरी, रजया, मोजड्या आणि लाखेच्या बांगड्या. सासूबाईंचे गुडघे ठीक असतील तर बिर्ला मंदिरही बसतं.

टूर प्रायव्हेटच घ्या. झेंडा धरलेल्या टूर मॅनेजरमागे एकसारख्या टोप्या घालून पळायचे दिवस गेले. प्रायव्हेटमध्ये सगळं आपल्या मर्जीनं चालतं. गाडी आपली, गाइड आपला, वेळ आपला. फक्त कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि कुठे मुळीच थांबायचं नाही, एवढं ड्रायव्हर आणि गाइड ठरवतात. बुकिंग करतानाच 'शॉपिंग नको' असं बजावून ठेवा. त्याचा फार उपयोग होतो. मग त्या जागेला दुकान म्हणत नाहीत, 'हँडिक्राफ्ट सेंटर' म्हणतात.

तिकिटांच्या भानगडीत स्वतः पडू नका. पडलात तर खिडकीवरच्या फलकावर वाचाल की आमेर, हवामहाल, जंतरमंतर, नाहरगड, अल्बर्ट हॉल अशा जागांचं मिळून एकच तिकीट मिळतं आणि ते दोन दिवस चालतं. दोन दिवस! इथे येणारा माणूस एक रात्र राहून सगळं बघून जाईल असं सरकारला अजून वाटतं. असल्या भाबड्या योजनांना गाइड उत्तेजन देत नाही, आपणही देऊ नये.

गाइडच्या गळ्यात परवान्याचं कार्ड आहे ना, तेवढं बघून घ्या. मात्र कार्डवाल्यांतही काही जण खरोखर अभ्यासू निघतात, त्यांच्यापासून सांभाळा. असा माणूस पदरी पडला की दिवस वाया गेलाच म्हणून समजा. तो एका यंत्रापाशी तासभर उभा करील, आणि रजईचा विषयसुद्धा काढणार नाही.

गाडीत बसल्याबसल्या तो विचारील, "सर, कहाँ से?" इथे घाई करू नका. पुढच्या आठ तासांचा इतिहास या एका उत्तरावर ठरणार असतो. पुणे, नाशिक, सातारा, काहीही म्हणालात तरी आधी "कसं काय, बरं हाय का!" होईल, मग "जय शिवाजी!" होईल, आणि मग कळेल की मिर्झाराजे जयसिंह आणि आपले महाराज "बहुत अच्छे दोस्त थे, सर." मान डोलवा. ११ जून १६६५ चा पुरंदरचा तह, त्यात दिलेले २३ किल्ले, हे चौथीत पाठ केलेलं असलं तरी गिळून टाका. मैत्रीत देवाणघेवाण व्हायचीच. मागच्या आठवड्यात गाडीत लखनौचं कुटुंब असेल तर त्यांच्यासाठी मैत्री अकबराशी होती. उद्या कोलकात्याचे लोक आले की आमेरच्या शिलादेवीची मूर्ती राजा मानसिंहानं बंगालमधून कशी आणली ते ऐकू येईल, आणि शहराचा आराखडा करणारे विद्याधर भट्टाचार्य एकाएकी गाइडचे परमपूज्य होतील. गिऱ्हाईक बघून इतिहास वाढतात. पंगतीतला वाढपी ओळखीच्या पानात जिलबी जास्त टाकतो तसं.

आमेरला सकाळी पोचाल. तिथला आरसेमहाल हा टूरचा कळस. गर्दी इतकी असते की बऱ्याचदा आरशात मागच्या माणसाची पाठच दिसते. अशा वेळी गाइड तुमच्याच मोबाइलचा टॉर्च लावून तो छताखाली गोल फिरवतो. वरच्या बहिर्गोल भिंगांत शेकडो ठिपके एकदम पेटतात, सरकतात, विझतात, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तोंडातून शब्द फुटत नाही. गाइडला हे ठाऊक असतं. नेमकं तेव्हाच तो सांगतो की त्या गाजलेल्या जुन्या सिनेमातलं आरशांचं गाणं याच जागी चित्रित झालं. ते गाणं मुंबईच्या स्टुडिओत सेट लावून झालं होतं हे तुम्हाला माहीत असलं तरी मुंबईचा अभिमान आवरा. हा महाल मिर्झाराजांच्याच काळातला, हे मात्र तो सांगेलच असं नाही. पुरंदरखाली तळ देऊन बसलेल्या माणसाच्या घरी आपण सेल्फी काढतोय हे कळलं तर फोटोत चेहरे बिघडतात.

परतताना जलमहाल लागतो. गाडी रस्त्याच्या कडेला लागेल, दहा मिनिटं मिळतील. तलाव भरला की त्याचे खालचे मजले पाण्याखाली असतात, आत जाता येत नाही. दिवसभरातलं हे सर्वांत प्रामाणिक स्थळ: काही दाखवत नाही, काही विकत नाही. विकणारे फुटपाथवर असतात.

मग शहर. इथे गुलाबी रंगाची गोष्ट येणार. १८७६ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट जयपूरला आला, म्हणून महाराजा रामसिंहांनी सगळं शहर गुलाबी रंगवलं, असं ऐकाल. ऐकून घ्या. अल्बर्टसाहेब १८६१ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांचं स्वागत इतक्या धूमधडाक्यात होणं अधिकच कौतुकाचं. आला होता तो त्यांचा मुलगा, युवराज अल्बर्ट एडवर्ड. पुढे तोच सातवा एडवर्ड झाला आणि त्याच्या १९०२ च्या राज्याभिषेकाला जाताना महाराजा माधोसिंह दुसरे यांनी चांदीच्या प्रचंड घागरींत भरून गंगाजल इंग्लंडला नेलं. त्यातल्या दोन घागरी सिटी पॅलेसमध्ये आहेत, एकेकीचं वजन सुमारे ३४५ किलो. एकाच माणसासाठी आधी आख्खं शहर रंगवायचं आणि मग त्याच्या दारी आपलं पाणी घेऊन जायचं, ही गोष्ट सलग सांगितली तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी सुरू होतं. म्हणून बाप बाजारात सांगतात आणि घागरी राजवाड्यात. मधे जेवण घालतात.

जेवणाबद्दल जास्त लिहीत नाही. मल्टिक्युझिन असतं. दालबाटी मागा, पनीर येईल. गाइड आणि ड्रायव्हर कुठल्या दारानं आत जातात आणि त्यांचं बिल कोण भरतं, हे विचारणं असंस्कृतपणाचं लक्षण.

जंतरमंतरसाठी वीस मिनिटं राखून ठेवलेली असतात आणि तेवढी खूप झाली. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाचं (मिर्झाराजे वेगळे, ते आधीचे) म्हणणं असं होतं की पितळेची हातभर यंत्रं झिजतात, हलतात, त्यांवर बारीक मोजमाप होत नाही. म्हणून त्यानं यंत्रंच दगड-चुन्याची, इमारतीएवढी बांधली. युरोपातून आलेली ग्रहगणिताची कोष्टकं त्यानं प्रत्यक्ष वेध घेऊन तपासली आणि त्यांतल्या चुका काढल्या. सम्राट यंत्र हे इथलं अवाढव्य सूर्यघड्याळ, त्याची भिंत २७ मीटर उंच आहे. तिची सावली बाजूच्या वक्र पट्टीवर पडते तिथे जाऊन सावलीच्या कडेपुढे बोट टेकवा. सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या वेगानं सावली सरकते. दहा-पंधरा सेकंदांत ती नखावर चढलेली असते, आणखी थोडा धीर धरलात तर बोट ओलांडून पुढे जाते. पृथ्वी फिरते हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. इथे ती बोटावरून जाते. आणि ही वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, कारण घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या प्रमाणवेळेचं आणि जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला. रेखांशाचा फरक सत्तावीसेक मिनिटांचा, शिवाय सावली आणि घड्याळ यांच्यातला एकूण फरक वर्षभरात कमीजास्त होत राहतो.

आता हे सगळं कशाला? वीस मिनिटांतली अठरा तर इथेच जातील. गाइड त्यावर उत्तम तोडगा काढतो. तो "वर्ल्ड का सबसे बडा सनडायल, दो सेकंड का फरक" एवढं एका दमात म्हणून थेट राशिवलयाकडे वळतो, जिथे बारा राशींची बारा यंत्रं आहेत. "मॅडम, आपकी राशि?" मॅडम कन्या. चला, कन्येपाशी फोटो. साहेब वृश्चिक. तिकडे फोटो. धाकट्याची रास कोणालाच आठवत नाही, म्हणून आजीला फोन. ज्या राजानं दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरेला पाच वेधशाळा उभारल्या, त्याच्या डोक्यात पुढेमागे असंच काहीसं असणार.

त्रिपोलिया बाजारातून जाताना काचेतून एक उंच मनोरा दिसेल. ईसरलाट. सवाई जयसिंहाचा मुलगा ईश्वरीसिंह यानं १७४९ मध्ये बांधलेला विजयस्तंभ. मघाच्या एकत्रित तिकिटात तोही येतो, तरी गाडी थांबणार नाही, आणि थांबवूही नका. कारण "कुठला विजय?" असं विचारलंत की पुढचं निघतं. भावाभावांच्या गादीच्या भांडणात मराठे पडले, खंडणीची बाकी थकली, वसुलीला मल्हारराव होळकर फौजेसह चालून आले आणि १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहानं विष घेतलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, मराठ्यांच्या छावणीतले हजारो लोक हे नवंकोरं शहर बघायला, देवदर्शनाला आणि खरेदीला आत शिरले. भर दुपारी वेशीचे दरवाजे लागले आणि शहरातल्या लोकांनी त्यांना रस्त्यारस्त्यात गाठून कापलं. साइटसीइंग आणि शॉपिंगसाठी जयपुरात आलेला मराठी माणसांचा बहुधा पहिलाच मोठा ग्रुप. तोही एका दिवसाचाच. 'बहुत अच्छे दोस्त' या प्रकरणात हे कुठे बसवायचं हा गाइडपुढचा प्रश्न नाही, तो आपल्यापुढचा आहे. त्यापेक्षा उजवीकडच्या बांगड्या बघा.

हवामहाल रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो. ९५३ खिडक्या, १७९९, सवाई प्रतापसिंह. समोरच्या कॅफेत कॉफी घेतली की बघून झाला. आत जायला मागून रस्ता आहे, असं काही लोक म्हणतात.

आणि मग मुख्य कार्यक्रम. जयपूर हे राजधानी म्हणून वसवतानाच बाजाराचाही विचार केलेलं शहर. १७२७ मध्ये आखणी करतानाच पेठांमधल्या दुकानांच्या रांगा ठरल्या, दूरदूरचे व्यापारी-कारागीर बोलावून वसवले. जौहरी बाजार, मनिहारों का रास्ता. खरेदी करायची तर देशात याहून चांगली जागा सापडायची नाही. म्हणूनच गाडी तुम्हाला तिथून उचलते आणि आमेर रोडवरच्या एका मोठ्या शोरूमपुढे आणून सोडते. पेठेत पार्किंग नाही, सर. पेठेत डुप्लिकेट माल, सर. हे सरकारमान्य आहे, सर. कुठल्या सरकारनं मान्य केलं हे पाटीवर लिहिलेलं नसतं. जागा पुरत नाही.

दारातच एक म्हातारा कारागीर मांडी घालून बसलेला असतो. कापडाच्या पट्टीवर पहिला ठसा दाबून, त्यावर मुठीनं ठोकून तो हत्तीची बाह्यरेषा उमटवतो, दुसऱ्यानं अंग भरतो, तिसऱ्यानं झूल. रेषेला रेषा इतकी नेमकी बसते की बघत राहावं. तुम्हाला बघतच राहावंसं वाटू लागलं की आतून हाक येते, "आइए भाभीजी, देखने का कोई पैसा नहीं." आत गाद्या अंथरलेल्या असतात, चहा आलेला असतो, आणि एक तरुण रजईची घडी घालून, दाबून, गुडघ्यानं चेपून ती चपलेच्या पिशवीएवढ्या पिशवीत कोंबून दाखवतो. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात थंड. पावसाळ्याचं विचारू नका. म्हाताऱ्यानं छापलेला हत्ती यातल्या कुठल्या चादरीवर आहे तेही विचारू नका.

घासाघीस जरूर करा, मराठी माणसाचा तो हक्क आहे. सांगितलेल्या भावाच्या निम्मे म्हणा. तो दुखावेल, मालकाला विचारायला जाईल, परत येऊन "आप पहले कस्टमर हो" म्हणेल, संध्याकाळी पाच वाजता. शेवटी निम्म्यात देईल आणि तुम्ही जिंकाल. गाइड बाहेर उभा राहून तुमच्यासारखाच आनंदात असेल. गावी परतल्यावर मंगल कार्यालयात राजस्थानी हस्तकलेचं प्रदर्शन लागलं तर त्या रस्त्यानं काही महिने जाऊ नका.

पाचूचं एकच सांगतो. पाचूला पैलू पाडण्याच्या कामात जयपूरचं नाव जगभर आहे. त्या नावावर इतका विश्वास बसतो की आपल्याला दाखवलेला हिरवा खडा खरा असण्याची गरजच उरत नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या दारात गाइड जरा घुटमळेल. टीप द्या, दिवसभर उन्हात तोच बोलत होता. त्याचा खरा पगार कमिशनमधून निघतो, कारण आपण बुकिंग करताना सगळ्यांत स्वस्त टूर शोधून घेतलेली असते, हा विषय त्या वेळी काढू नये. फोनवर पाच स्टार द्या. आणि "आगे कहाँ, सर?" या प्रश्नाला आग्रा म्हणालात की तो लगेच एक नंबर देईल, तिथे त्याचा भाऊ गाइड आहे. निघण्याआधी हा भाऊ त्या भावाला फोन करून तुम्ही कुठले ते सांगून ठेवतो, त्यामुळे तिकडे ताजमहाल लवकर उरकेल. महाराज ज्या पेटाऱ्यांतून निसटले, ते पेटारे तो तुम्हाला दाखवील. ते आवडले तर लहान आकारातही मिळतात, दोन घेतले तर भाव कमी होतो, आणि कुरिअरनं घरपोच येतात.