'सवय झालीय' असं बिबट्याने सांगितलंय का?

सोसायटीच्या भिंतीवर निवांत बसलेल्या बिबट्याचा सीसीटीव्ही व्हिडिओ फिरला की खाली ठरलेल्या दोन कमेंट येतात. 'पकडून लांब सोडा' आणि 'त्याला माणसांची सवय झालीय'.

पहिलीचं उत्तर जुन्नरने दिलंय. तिथे २००१ पासून बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले.

दुसरी जास्त फसवी. कॅमेरा वागणं दाखवतो, त्या वागण्यासाठी शरीराला काय मोजावं लागलं ते नाही. ते विष्ठेत सापडतं. ताणाच्या हार्मोनचे अवशेष तिच्यातून बाहेर पडतात, म्हणजे जनावराला हातही लावायला नको. वनखात्याची परवानगी मात्र हवीच.

विष्ठा ताजी हवी. पडून राहिली की जिवाणू हार्मोन तोडत राहतात आणि पावसात ते धुपून जातात, त्यामुळे आपल्याकडे जून ते सप्टेंबरचे नमुने जवळपास बाद. हार्मोन विष्ठेत सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, म्हणून एक टोक न उचलता सगळी कालवून नमुना घ्यायचा आणि उणे २० अंशांवर ठेवायचा. नंतर सुकवायचा, केस-हाडं चाळून काढायची, साधारण ०.२ ग्रॅम भुकटी ८० टक्के इथेनॉलमध्ये घुसळायची आणि अर्क तपासायचा. त्याआधी डीएनए! मुंबईच्या आरे कॉलनीत वाटेवर पडलेली विष्ठा भटक्या कुत्र्याचीही असू शकते.

कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन जास्त निघालं म्हणून लगेच 'ताण' लिहू नका. गाभण मादीत ते तसंही वाढतं. उपाशी जनावरातही वाढतं, पण तेव्हा थायरॉइडचं टी-३ हे हार्मोन सहसा घसरतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या किलर व्हेलमध्ये हे दोन्ही एकत्र मोजले, तेव्हा बोटींच्या त्रासापेक्षा सामन माशांची टंचाई जास्त भोवतेय असं दिसलं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला बिबट्याच्या पोटात कुत्री बरीच जातात. उद्या एखाद्या भागातला कचरा उचलला, कुत्री घटली, तर तिथला बिबट्या माणसांनी बेजार आहे की भुकेने, हे कॉर्टिसॉल एकटं सांगणार नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते कॅमेऱ्यातलं वागणं आणि विष्ठेतला ताण एकाच बिबट्याचे आहेत हे जोडण्यात. फोटोतला बिबट्या अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखतात, विष्ठेतला डीएनएवरून, आणि या दोन याद्या आपोआप जुळत नाहीत. २०२१ मध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या काही बिबट्यांना जीपीएस कॉलर लावले होते. अशा बिबट्याचा ठावठिकाणा बघून दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन विष्ठा शोधता येते. कॉलर नसेल तर निदान कॅमेरा आणि विष्ठेची फेरी एकाच वाटेवर, त्याच आठवड्यात ठेवा. नोव्हेंबरात कॅमेरे आणि मार्चमध्ये विष्ठा, असं केलं तर दोन्ही बाजूंची मेहनत पाण्यात.