टॉर हळू चालतं, आणि त्याला कारण आहे

गावाकडच्या पत्रकारांच्या एका गटात मला हा सल्ला चौथ्यांदा आला, म्हणून सविस्तर लिहितो. टॉर म्हणजे तुम्ही कोण हे लपवायला तीन सर्व्हरच्या फेऱ्याने संकेतस्थळ उघडणारा ब्राउझर; व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटची ये-जा आपल्या सर्व्हरमधून नेणारी कंपनीची सेवा. सल्ला असा: ‘टॉर ब्राउझर म्हणजे गोगलगाय. पैसे भरून चांगला व्हीपीएन घ्या, तीच गुप्तता दहापट वेगात मिळते. साध्या कामाला इन्कॉग्निटो पुरतं. टॉरमध्ये तर पासवर्डही चोरीला जातात. तरी टॉरच हवं असेल तर सेटिंगमध्ये भारतातला सर्व्हर निवडा, सुसाट चालेल.’

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. पण क्रमाने जाऊ.

‘टॉर म्हणजे गोगलगाय.’ हळू आहे, मान्य. पण हा वेळ जातो कुठे? टॉर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीशेजारचं चिन्ह दाबलं की त्या घडीचा रस्ता दिसतो. समजा मी पुण्यात बसलोय, संकेतस्थळ मुंबईतल्या सर्व्हरवर आहे आणि रस्ता दिसतोय जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स. सरळ गेलो असतो तर १५० किलोमीटर. फ्रँकफर्ट, न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम करून परत मुंबईत यायचं तर सुमारे २५,००० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एका खेपेला, जाऊन-येऊन, पाव सेकंद नुसत्या अंतरातच गेला. सरळ रस्त्याने हेच काम दीड मिलिसेकंदाचं. एक पान उघडायला अशा कितीतरी खेपा लागतात. शिवाय वाटेतले तिन्ही सर्व्हर, ज्यांना रिले म्हणतात, स्वयंसेवकांनी चालवलेले. त्यांची क्षमता जगभरच्या लोकांत वाटली जाते.

या फेऱ्यातून मिळतं ते असं. पहिल्या रिलेला मी कोण ते कळतं, पण कुठे चाललोय ते कळत नाही. तिसऱ्याला कुठे ते कळतं, कोण ते नाही. मधल्याला दोन्ही नाही. कुणी शब्द दिलाय म्हणून हे होत नाही. दोन्ही टोकांची माहिती एका हातात जाणारच नाही, अशी ती बांधणीच आहे.

आणि टॉर हे हळू टोक नाहीच मुळी. निनावी ईमेलसाठी मिक्समास्टर, मिक्समिनियन अशा यंत्रणा होत्या. त्या आलेली पत्रं थोपवून धरायच्या, एकमेकांत मिसळायच्या आणि मग पुढे सोडायच्या. पत्र पोचायला तास-तास लागायचे. टॉरमागची कल्पना रुजली १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत, आणि २००४ मध्ये डिंगलडाइन, मॅथ्यूसन आणि सिव्हर्सन यांनी टॉरची रचना मांडली तेव्हा हे थोपवणं जाणूनबुजून सोडून दिलं. कारण तासाभराने उघडणारं संकेतस्थळ कुणी वापरणार नाही, आणि वापरणारे थोडे असले की त्यांना ओळखणं सोपं. वेगासाठी त्यांनी मोजलेली किंमतही लपवली नाही: दोन्ही टोकांवर ज्याची नजर आहे, त्याला वेळेचा मेळ घालून माणूस हुडकता येतो.

डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. कुणी त्याचं कूट फोडलं नाही. विद्यापीठाच्या वायफायवरून त्या वेळी टॉर कोण वापरत होतं, एवढंच तपासलं, आणि त्याने कबुली दिली. त्याचा गुन्हा बाजूला ठेवा. पण टॉरचा एवढा फेराही जिथे अपुरा पडला, तिथे त्याहून आखूड रस्त्याने ‘तीच गुप्तता’ मिळेल असं म्हणायचं कशाच्या बळावर?

आता व्हीपीएन. तो वेगवान असतो कारण मधे एकच कंपनी असते. मी कोण आणि कुठे चाललोय, हे दोन्ही त्या एकाच कंपनीला दिसू शकतं. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे तिचं वचन असतं, आणि ते मला-तुम्हाला तपासता येत नाही. प्युअरव्हीपीएनची जाहिरात अशीच होती. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या छळाच्या एका खटल्यात तिच्याच नोंदी आरोपीविरुद्धचा पुरावा म्हणून एफबीआयच्या हाती लागल्या. आपल्याकडे तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेशच काढला: ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि त्याला दिलेला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक) व्हीपीएन कंपन्यांनी किमान ५ वर्षं जपून ठेवायचा, ग्राहक सोडून गेला तरी. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हरच बंद केले.

व्हीपीएन वाईट असं मी म्हणत नाही. हॉटेलचं किंवा स्टेशनचं वायफाय वापरताना मीही तो लावतो. व्हिडिओ बघायला, मोठी फाइल उतरवायला टॉर वापरू नये, बँकेच्या कामाला तर नकोच. तिथे बँकेला तुम्ही कोण हे कळायलाच हवं. पण ज्या पत्रकाराला माहिती देणाऱ्या माणसाची नोकरी, कधी जीवही, जपायचा आहे, त्याला ‘तीच गुप्तता’ असं सांगणं धोक्याचं आहे.

इन्कॉग्निटोबद्दल फार लिहायला नको. तो तुमच्या फोनमध्ये इतिहास ठेवत नाही, बस. इंटरनेट देणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क, समोरचं संकेतस्थळ, सगळ्यांना तुमचा आयपी पत्ता नेहमीसारखाच दिसतो. इन्कॉग्निटोमधल्या वावराची माहिती गोळा केल्याच्या खटल्यात गूगलने २०२४ मध्ये अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

पासवर्ड चोरीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश संशोधकाने स्वतःचे पाच शेवटचे रिले चालवले आणि त्यांतून जाणारे ईमेलचे पासवर्ड त्याच्या हाती लागले. त्यात अनेक देशांच्या दूतावासांची खाती होती, भारताचीही. पण ही मंडळी कूटबद्ध नसलेली जोडणी वापरत होती, म्हणून हे घडलं. टॉर तिसऱ्या रिलेपर्यंत झाकतं. तिथून पुढचं झाकण एचटीटीपीएसचं, म्हणजे संकेतस्थळाशी असलेली जोडणी कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीचं. आज बहुतेक संकेतस्थळं ते वापरतात आणि टॉर ब्राउझर आधी तेच मागतो. ते नसल्याचा इशारा आला की थांबायचं, पासवर्ड टाकायचा नाही.

राहिला भारतातला सर्व्हर. टॉरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली की बाहेर पडण्याचा देश ठरवता येतो, हे खरं. टॉरचे बरेचसे रिले जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स अशा देशांत आहेत. आपल्याकडे अगदी मोजके. म्हणजे हजारोंच्या गर्दीतून चालणारा माणूस आपणहून बोळात शिरतो. त्या दोन-चार रिलेंवर कुणी नजर ठेवली की काम झालं. आणि दर वेळी भारतातूनच बाहेर पडणारा, ही त्याची वेगळी ओळख होऊन बसते. वेगही वाढेलच असं नाही, कारण त्या मोजक्या रिलेंवर भार पडतो.

वेग हवा असेल तर तो टॉर चालवणाऱ्यांनी स्वतःच वाढवलाय. २०२२ मध्ये जाळ्यातली कोंडी आवरण्याची नवी पद्धत आली. २०२३ मध्ये एकच जोडणी दोन रस्त्यांवर वाटून नेण्याची सोय आली. दोन्हींत तीन रिलेंची रचना जशीच्या तशी आहे. त्यासाठी ब्राउझर ताजा ठेवा, एवढंच. आणि गटातला तो सल्ला वाचून कुणी फाइलमध्ये देशाची ती ओळ घातली असेल, तर आजच काढा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.