मेल आयडी पोरीचा, नंबर मात्र सेंटरवाल्याचा!

आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात कामाला येणाऱ्या ताईंची लेक परवा रडवेली होऊन आली. "काकू, मेल उघडूनच नाही राह्यला. प्रवेशाचं पत्र त्याच्यातच आलं असन."

हातात घामानं ओली झालेली चिठ्ठी. पासवर्ड बरोबर होता, पण नवा फोन दिसल्यावर गुगलनं कोड मागितला आणि तो गेला फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवाल्याच्या नंबरवर. त्यानं ते सिम कधीच बंद केलेलं. पोरीच्या नावाचा मेल आणि पोरीलाच कुलूप! मला फार राग आला. गर्दीत पटापट काम उरकायला स्वतःचा नंबर टाकायचा, ही सवय चुकीचीच आहे.

सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल ही फुकटची मेल सेवा सुरू केली. तोवर मेलचा पत्ता बहुतेक ऑफिसकडून नाहीतर इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून मिळायचा. नोकरी सुटली की पत्ताही गेला. फुकटच्या वेबमेलनं पत्ता माणसाच्या मालकीचा केला, कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडता येईल असा. जागा अवघी २ एमबी, पण आपली! सीताबर्डीच्या सायबर कॅफेत मी पहिला आयडी काढला तेव्हाचा आनंद आजही आठवतो. आज जीमेल १५ जीबी फुकट देतं आणि आपण किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवतो.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नवा आयडी काढला. सगळं तिनंच टाईप केलं, एका बोटानं. पत्ता साधा, नाव-आडनावाचा. फॉर्मवर लिहायला लाज वाटू नये असा. जन्मतारीख खरी. नंबर आईचा, कारण तो कित्येक वर्षं तोच आहे. पासवर्ड टाकताना मी मान वळवली. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप, चालू केल्यावर आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात, फोन हरवला तरी कामी येतात. ते तिनं वहीत उतरवले. वही आता रेशनकार्डाच्या डब्यात आहे. दोन वर्षं उघडलं नाही तर गुगल खातं पुसू शकतं, हेही तिला सांगितलं.

सेंटरवाल्या भावांनो, हात जोडून सांगते, नंबर त्या लेकराच्या घरचाच टाका. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

तिचा पहिला मेल मलाच आला: "काकू, पोचला का?" फॉर्मवरचा जुना आयडी बदलून मागायला मायलेकी उद्या अर्ज घेऊन जाणार आहेत. मीही जातेय सोबत.