'सार्थक फरक नाही' या वाक्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमचं म्हणणं असं, की दिशायुक्त परिकल्पनेचं (फरक कोणत्या बाजूला पडेल तेही आधीच सांगणाऱ्या अंदाजाचं) खूळ पोरांच्या डोक्यात भरून मी त्यांचे लघुप्रबंध परत यायची सोय करतोय. मार्गदर्शकाला शून्य परिकल्पनाच लागते, म्हणजे 'फरक नाही' असं धरून चालणारी. अर्धं मान्य. सांख्यिकीय चाचणी शून्य परिकल्पनेचीच होते, ती लिहायलाच हवी. माझ्या लेखातून ती गाळावी असा अर्थ निघत असेल तर चूक माझी.

पण 'दोन्ही गटांच्या मध्यमानांत सार्थक फरक नाही' हे शून्य परिकल्पनेचं वाक्य (मध्यमान म्हणजे सरासरी, सार्थक म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता न येणारा) प्रकाशसंश्लेषणालाही चालतं, विद्युतधारेलाही आणि इतिहासालाही. त्यात विज्ञान कुठे आलं? आमच्या आठवीत मी विचारलं, पऱ्हाटी (कापसाचं झाड) वाळल्यावर जे वजन उरतं ते आलं कुठून? "मातीतून जी, अन् खतातून!" अख्खा वर्ग. मग मी लिहिलं: 'कुंडीतली माती आधी आणि नंतर स्वतः तोलणाऱ्या मुलांत हे उत्तर देणारे, नुसता पाठ ऐकणाऱ्यांपेक्षा कमी असतील.' बरं दिसतं ना? तरी कच्चंच. व्हॅन हेल्माँट या सतराव्या शतकातल्या शास्त्रज्ञानं पाच वर्षं विलोचं झाड वाढवलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं, २०० पौंड मातीतून दोनएक औंसच गेले. आणि गड्यानं ठरवलं, सगळं पाण्यातून आलं! हवा सुचलीच नाही. आमची लेकरंही मातीवरून पाण्यावर गेली, तर माझी परिकल्पना खरी ठरेल आणि प्रकाशसंश्लेषण कोणालाच कळलेलं नसेल. म्हणून 'हवेतला कार्बन डायऑक्साइड' हे उत्तर देणारे वाढतील, असं लिहायला हवं होतं.

तुमची दुसरी शंका, की दिशा निकाल बघून ठरवली जाते, ती मात्र खरी. मीच केलंय. दोन्ही गटांत तीस-तीस मुलं, ०.०५ सार्थकता स्तर: फरक कोणत्याही बाजूचा धरणाऱ्या द्विपुच्छ चाचणीला टी (दोन सरासरींतला फरक तपासणारा आकडा) साधारण २.०० लागतो, आधी ठरवलेली एकच बाजू बघणाऱ्या एकपुच्छला १.६७. माझा आला १.८. रात्रीतून परिकल्पनेत 'अधिक' हा शब्द शिरला आणि चाचणी एकपुच्छ झाली. कोणी विचारलं नाही.

त्यावर उपाय दिशा टाळणं नाही. पूर्वचाचणीच्या आधी परिकल्पना लिहून, तारीख टाकून मार्गदर्शकाची सही घ्यायची. आणि उत्तरचाचणी कापूस वेचणीत लावायची नाही. तेव्हा नियंत्रित गटातली (नुसता पाठ ऐकणारी) निम्मी पोरं वावरात असतात आणि फरक नेमका कशाचा, तेच कळत नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांचे आराखडे जरूर पाठवा. फक्त टी काढायच्या आधीचे.